आधी खोली नीट द्या, पॉइंटांचं मग बघू

बजेट हॉटेलांच्या साखळ्या चालवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक आणि व्यवस्थापक यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीचा ईमेल आला. सभासदाच्या खात्यात मुक्कामागे साठलेल्या पॉइंटांची मुदत वर्षावरून सहा महिन्यांवर आणली आहे, एका बिलात पॉइंट फक्त दहा टक्क्यांपर्यंतच वळते करता येतील आणि हे सगळं त्याच दिवसापासून लागू. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'तुमचं सभासदत्व आता आणखी फायद्याचं'. त्याच आठवड्यात मी त्याच कंपनीच्या एका हॉटेलात उतरले होते, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी. खोलीच्या दाराची आतली कडी चौकटीतून निखळून लोंबत होती. खाली सांगितलं, तर 'उद्या सुतार येईल' असं उत्तर मिळालं आणि दुसरी खोली रिकामी नव्हती. रात्री टेबल ओढून दाराला लावलं आणि दिवा चालू ठेवून झोपले.

पॉइंटांचे नियम बदलायला तुमच्याकडे माणसं आहेत आणि वेळही आहे. कडीला चार स्क्रू मारायला मात्र कोणी नाही. हे मला मुकाट्याने मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात, आणि जे पुढे लिहिते आहे ते मी वेगवेगळ्या साखळ्यांच्या पाट्यांखाली पाहिलं आहे.

मी सहकारी पतसंस्थांचं लेखापरीक्षण करते. आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत ऑडिट पुरं व्हावं लागतं, त्यामुळे एप्रिल ते जुलै माझा मुक्काम घरापेक्षा बाहेरच जास्त. लातूर, नांदेड, परभणी, जालना, कधी अकोला-बुलढाणा. फी ठरलेली असते आणि राहण्या-खाण्याचा खर्च तीतूनच. म्हणजे रात्रीला आठशे ते दीड हजार, यापुढे माझी झेप नाही. पूर्वी संस्थेचे सचिव म्हणायचे, 'मॅडम, आमच्या ओळखीचं लॉज आहे, पैशाचं बघू नका.' ज्यांचे हिशोब तपासायचे त्यांच्याच पाहुणचारावर राहायचं, हे मला कधी पटलं नाही. तुमची ॲपं आली तेव्हा मला खरंच हायसं वाटलं होतं. अनोळखी गावात, कोणाचं मिंधं न होता, दर आधी माहीत असलेली, ठरावीक दर्जाची खोली मिळणार होती. मी एकटी नाही. औषध कंपन्यांचे एमआर, परीक्षेच्या केंद्रावर आदल्या दिवशी पोचणारी मुलं आणि त्यांचे आईबाप, मोठ्या दवाखान्यात पेशंट ठेवून बाहेर दिवस काढणारे नातेवाईक, यंत्रं दुरुस्त करत फिरणारे तंत्रज्ञ, या सगळ्यांना तुमची गरज आहे. आम्ही हौसेने फिरणारे नाही, त्यामुळे खोली वाईट निघाली म्हणून बेत बदलण्याची सोय आम्हाला नसते.

साखळी हॉटेल मुळात कशासाठी जन्माला आलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. १९५१ साली अमेरिकेत केमन्स विल्सन नावाचा गृहस्थ बायको आणि पाच मुलांना घेऊन वॉशिंग्टनला निघाला. वाटेतली मोटेलं कुठे बरी, कुठे घाणेरडी, आणि प्रत्येक मुलामागे जादा पैसे. वैतागून त्याने पुढच्याच वर्षी मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन उघडलं. मुलांचे जादा पैसे नाहीत आणि पाटी दिसली की आत काय मिळणार ते ठरलेलं. या एका गोष्टीवर ती साखळी वाढली. पॉइंट देणारा सभासद क्लब त्यांनी काढला १९८३ साली. आधी तीस वर्षं खोली सारखी ठेवली, मग बक्षीस वाटायला घेतलं. आपल्याकडेही २००४ साली टाटांच्या हॉटेल कंपनीने बंगळुरूला पहिलं बजेट हॉटेल काढलं, पुढे त्याचंच जिंजर झालं, तेव्हा ते स्वतः बांधून, स्वतः चालवून काढलं होतं. त्यानंतरच्या दशकात ॲपवाल्या साखळ्या आल्या आणि रस्ता बदलला. उभी असलेली लॉजं घ्यायची, वर आपली पाटी लावायची, पलंगावर आपल्या रंगाची उशी ठेवायची, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवसापासून बुकिंग सुरू. झपाट्याने वाढायला हा रस्ता सोयीचा आहे आणि त्यात गैर काही नाही. पण पाटी तुमची असेल तर तिच्याखाली जे घडतं त्याचे धनीही तुम्हीच. आम्ही पैसे त्या नावावर विश्वासून भरतो. आत शिरल्यावर 'हॉटेल आमच्या मालकीचं नाही' हे ऐकायला भरत नाही.

आता तक्रारी.

चादरीपासून सुरुवात करते, कारण खोलीत शिरल्यावर मी पहिल्यांदा तीच उलटते. वरून ताणून बसवलेली असते, पायाकडची बाजू उचलली की खरं कळतं. मध्यभागी पिवळट डाग, कडेला आधीच्या कोणाचा तरी लांब केस, आणि वास धुतल्याचा नसून वर मारलेल्या फवाऱ्याचा. पावसाळ्यात टॉवेल ओलाच मिळतो. गच्चीवर वाळत घातलेला असतो, वाळलेला नसतो, आणि दुसरा नसतो. याचं कारण हॉटेल चालवणारा कोणीही सांगेल. एका पलंगामागे चादर-टॉवेलचे किमान तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. मालक दोनच ठेवतो, कुठे दीडच. सकाळी अकराला एक गिऱ्हाईक गेलं आणि बाराला दुसरं आलं की चादर झटकून उलटी घातली जाते. तुमचा कोणी माणूस महिन्यातून एकदा जरी त्या हॉटेलात जाऊन कपाट उघडून जोड मोजेल, तरी हे लक्षात येईल. मी संस्थांमध्ये रोख शिल्लक अशीच मोजते, न सांगता जाऊन.

दुसरी तक्रार दाराची आणि एकट्या बाईची. कडीचं वर सांगितलंच. दाराला बाहेर कोण आहे ते पाहायचं भिंग नसणं, बाथरूमच्या खिडकीची काच फुटून तिथे पुठ्ठा लावलेला असणं, जिन्यात दिवा नसणं हे नेहमीचं. पण काउंटरवर जे चालतं ते त्याहून वाईट. 'मॅडम एकट्याच? रूम नंबर दोनशे चार' हे मोठ्याने, लॉबीत चार पुरुष बसलेले असताना. ॲपवर बुकिंग पक्कं झालेलं असताना 'एकट्या लेडीजला देत नाही' हे मला एका ठिकाणी तोंडावर सांगितलं गेलं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला घरमालकाने अचानक खोली खाली करायला लावली, ती स्वतःच्याच शहरातल्या हॉटेलात गेली, तर 'लोकल आयडी चालत नाही'. स्थानिक पत्त्याच्या प्रौढ माणसाला खोली देऊ नये असा कायदा नाही. तो मालकाचा नियम असतो, तुम्ही तो चालू देता आणि बुकिंगच्या वेळी नीट दाखवतही नाही.

आणि आधार कार्ड. काउंटरवरचा मुलगा स्वतःच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर मालकाच्या ग्रुपमध्ये टाकतो. माझं नाव, पत्ता, जन्मतारीख, चेहरा आणि मी आज रात्री कुठल्या खोलीत एकटी आहे, हे सगळं पाच-सहा अनोळखी पुरुषांच्या फोनमध्ये. सुरुवातीचे आकडे झाकलेलं आधार सरकारनेच उपलब्ध करून दिलं आहे. ते दाखवलं की 'हे चालत नाही' म्हणतात. ओळख पटवणं आणि रजिस्टरमध्ये नोंद करणं आवश्यक आहे, ते मी आनंदाने करते. त्या फोटोचं पुढे काय होतं, तो कधी पुसला जातो, याचं उत्तर तुमच्यापैकी एकाही कंपनीच्या माणसाने मला दिलेलं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला आहे. तो काउंटरवरच्या मुलाला कोणी समजावून सांगितला का?

आगीबद्दल थोडक्यात, पण हे सर्वांत गंभीर आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या करोल बागेत हॉटेलला आग लागून १७ माणसं गेली. एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्याच्या बडाबाजार भागात १४ गेली, त्यातली बहुतेक धुराने गुदमरून. ही कोणा साखळीची हॉटेलं होती असं मी म्हणत नाही. पण तुमच्या पाट्या ज्या इमारतींवर आहेत त्या अशाच दाटीच्या गल्ल्यांमधल्या, एकच जिना असलेल्या, खिडक्यांना ग्रिल लावलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' दाखला परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. मी सवयीने तो मागते. आजवर कुठल्याही काउंटरवर कोणाला मला तो दाखवता आलेला नाही. जिन्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथून आगीत बाहेर पडायचं तिथे, जुन्या गाद्या रचून ठेवलेल्या असतात.

बुकिंग पक्कं असूनही खोली न मिळणं हा प्रकार आता इतका नेहमीचा झाला आहे की रिक्षावालेसुद्धा विचारतात, 'ॲपवरून केलंय? मग आधी फोन करून बघा.' रात्री साडेनऊला एसटी स्टँडवरून पोचावं तर काउंटरवर उत्तर मिळतं, 'कंपनीशी आमचं बंद झालंय', किंवा 'त्या रेटला नाही परवडत, ॲपवरचं कॅन्सल करा आणि रोख द्या'. कॅन्सल मी केलं की पैसे कापले जाणार माझे, पॉइंट जाणार माझे, आणि नोंद होणार की गिऱ्हाईकाने रद्द केलं. कस्टमर केअरला फोन केला की ते तीन किलोमीटरवरचं दुसरं हॉटेल देतात, हायवेच्या कडेला, जिथे रात्री बाईमाणसाने उतरू नये.

इथे मला हॉटेलमालकांच्या बाजूनेही बोलायचं आहे, कारण ऑडिटच्या निमित्ताने मी त्यांचेही हिशोब पाहिले आहेत. लॉज चालवणारे पतसंस्थांचे कर्जदार असतात. दर ठरवणार तुमचं ॲप, तोही तासातासाला बदलणारा. त्यातून तुमचा वाटा जाणार, बुकिंग वेबसाइटचं कमिशन जाणार, सवलतीचा भार त्याच्यावर पडणार, वर न समजणारे दंड आणि वजावटी. २०१९ च्या सुमारास देशभर ठिकठिकाणी हॉटेलमालक रस्त्यावर उतरले ते याच कारणांसाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो या बुकिंग वेबसाइटांना २२३ कोटी ४८ लाख आणि ओयो या हॉटेलसाखळीला १६८ कोटी ८८ लाख रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्याचा निकाल काय तो लागेल. पण मालकांची तक्रार होती ती बाजारातल्या ताकदीच्या वापराबद्दल, आणि देशाच्या आयोगाने ती ऐकून घेण्याजोगी मानली हे तर झालंच. माझा मुद्दा साधा आहे. सातशे रुपयांच्या खोलीतून मालकाच्या हाती जे उरतं त्यात चादरीचा तिसरा जोड बसत नाही. तुमच्या सवलतीची किंमत शेवटी आमच्या पलंगावर वसूल होते.

आणि त्या मुलाकडून. काउंटरवर असतो तोच चहा आणतो, तोच टॉवेल देतो, गीझर चालत नसला की तोच वर येऊन बटण खालीवर करतो. रात्री काउंटरमागे फरशीवर सतरंजी टाकून झोपलेला असतो, बेल वाजली की दचकून उठतो. वीस-बावीस वर्षांचा, बहुतेकदा घरापासून फार दूर. मी खोलीबद्दल एक किंवा दोन स्टार दिले की त्याचे पैसे कापले जातात हे मला एकाने हात जोडून सांगितलं. त्या दिवशी मी काहीच रेटिंग दिलं नाही. आता तुमच्या ॲपवर त्या हॉटेलचं सरासरी रेटिंग चांगलं दिसतं आहे. असे आकडे मी कुठल्याही हिशोबात ग्राह्य धरणार नाही.

तक्रार केली की काय होतं, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ॲपवरचा चॅट म्हणतो हॉटेलशी बोला, हॉटेल म्हणतं कंपनीशी बोला, कंपनी म्हणते बुकिंग दुसऱ्या वेबसाइटवरून झालंय, त्यांच्याशी बोला. शेवटी 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' आणि खात्यात दोनशे कॉइन, पंधरा दिवसांत संपणारे. मी रुपये भरले होते, मला रुपये परत हवेत. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत स्वच्छ लिहिलं आहे की तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. तुमच्या ॲपमध्ये हे नाव शोधायला किती वेळ लागतो, ते एकदा स्वतः करून पाहा.

आता पॉइंटांकडे येते. हा विषय माझ्या धंद्याचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

गिऱ्हाईकाकडे साठलेले पॉइंट ही तुमची मेहरबानी नसते. ते तुमचं देणं असतं. तुमच्यातल्या मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं हिशोबाचं मानक, इंड एएस ११५, हेच सांगतं. पॉइंट दिले की त्या विक्रीतली काही रक्कम लगेच उत्पन्न धरायची नाही, गिऱ्हाईकाला पुढे द्यायच्या सेवेपोटी देणं म्हणून बाजूला ठेवायची. म्हणजे मी खोलीचं जे भाडं भरलं त्यातच त्या पॉइंटांची किंमत आधीच वसूल झालेली आहे. मुदत अर्धी केली की लाखो लोकांचे पॉइंट वापराविना बुडतात, तुमचं देणं कमी होतं आणि उत्पन्न वाढलेलं दिसतं. एखाद्या पतसंस्थेने ठेवीदारांना न विचारता ठेवीच्या पावतीवरची अट मागाहून बदलली, तर मी अहवालात लाल शाईने शेरा लिहीन. तुम्ही हेच करता आणि वर ईमेलात त्याला फायदा म्हणता.

ज्यांनी पॉइंट जपून ठेवले त्यांचा अनुभवही लिहिण्यासारखा आहे. सणाच्या दिवसांत चालत नाहीत. परीक्षेच्या हंगामात चालत नाहीत. रोख भरलं तर मिळत नाहीत, आधी ऑनलाइन भरलं तरच मिळतात, आणि ऑनलाइन भरलं की वरच्यासारखी खोली नाकारली गेल्यावर पैसे अडकतात. गोल्ड सभासदांना दहा टक्के जादा सवलत दाखवता, पण त्याच खोलीचा दर काउंटरवर विचारला तर सवलतीनंतरच्या दराइतकाच निघतो, कधी त्याहून कमी. पैसे देऊन घ्यायच्या सभासदत्वाची चौकट आधीच टिचकी मारून ठेवलेली असते, लक्ष नसलं की बिलात लागते. 'शेवटची एकच खोली उरली' असं लाल अक्षरात येतं आणि तासाभराने पुन्हा पाहिलं तरी तीच एक उरलेली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी आहे, त्यात खोटी घाई लावणं आणि न विचारता बिलात वस्तू घुसवणं या दोन्ही आहेत. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःचं ऑडिट करून या युक्त्या काढून टाकायला सांगितलं. तुम्ही ते केलं असेल तर त्याचा अहवाल दाखवा. मी तो आवडीने वाचेन.

बाहेर हे कसं चालतं याची दोन उदाहरणं देते. जपानमधली तोयोको इन ही स्वस्त हॉटेलांची साखळी, तिथल्या कामाला फिरणाऱ्या नोकरदारांची. तिचा सभासद दहा रात्री राहिला की एका माणसाच्या खोलीची अकरावी रात्र फुकट. एवढाच नियम, लहान मुलालाही समजेल. आणि त्यांच्या हॉटेलांच्या व्यवस्थापक बहुतांशी स्त्रिया आहेत. एकट्या बाईला खोलीत काय लागतं, हे तिथे कोणाला पत्र लिहून कळवावं लागत नसेल. इंग्लंडातल्या प्रीमियर इनने वेगळाच शब्द दिला आहे: रात्री नीट झोप लागली नाही तर पैसे परत. माझ्या मते कुठल्याही गोल्ड कार्डापेक्षा हा शब्द मोलाचा आहे, कारण खोली खराब निघाली तर नुकसान कंपनीचं होतं आणि मग कंपनी खोलीकडे बघते.

'पण मॅडम, एवढ्या पैशात आणखी काय मिळणार?' हे उत्तर मला तुमच्या लोकांकडून ऐकायला मिळालं आहे. शेगावला गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात एकदा राहून पाहा. बुलढाण्याच्या कामाच्या वेळी मी तिथे राहिले आहे. साधी खोली, कमी भाडं, पण फरशी लखलखीत, संडास कोरडा, चादर खरोखर धुतलेली. तिथे सेवेकरी आहेत, संस्थानला नफा कमवायचा नाही, हे मान्य. तुम्ही नफा कमवा, त्याला माझी हरकत नाही. पण स्वच्छतेला पैशापेक्षा लक्ष जास्त लागतं, हे शेगावने दाखवून दिलं आहे, आणि लक्ष ठेवण्याचंच कमिशन तर तुम्ही घेता. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्या बदल्यात हॉटेलांचा इनपुट क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याचा, हक्क गेला, हे मला कळतं, त्यामुळे सगळे सात टक्के खोलीत घाला असं मी म्हणणार नाही. काही तरी दिसू द्या. एक नवा टॉवेल, एक कडी.

माझ्या मागण्या अशा:

खोलीत किमान काय असणार याची यादी मराठीत छापून प्रत्येक दाराच्या आत लावा आणि ॲपवरही टाका: धुतलेली चादर, कोरडा टॉवेल, चालू कडी, भिंग, गरम पाणी, जिन्यात दिवा, मोकळी बाहेर पडायची वाट. दर तीन महिन्यांनी न सांगता तपासणी करा, तीही विक्री विभागाशी संबंध नसलेल्या माणसाकडून. तपासणीची तारीख आणि फॉर्म बीची तारीख हॉटेलच्या पानावर दिसली पाहिजे. दोनदा नापास झालेल्या हॉटेलवरची पाटी उतरवा. फोटो वर्षापेक्षा जुने नसावेत.

पक्कं बुकिंग नाकारलं गेलं तर त्याच रात्री तोडीची किंवा वरच्या दर्जाची खोली, फरक आणि रिक्षाभाडं कंपनीचं. पैसे परत करायचे असतील तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. कॉइन नकोत.

एकट्या स्त्रीला किंवा स्थानिक पत्त्याच्या प्रौढ व्यक्तीला जे हॉटेल खोली देत नाही, त्याला तुमच्या ॲपवर जागा नको. खोली क्रमांक तोंडाने पुकारू नका, कागदावर लिहून द्या.

आकडे झाकलेलं आधार सगळीकडे चाललं पाहिजे. कर्मचाऱ्याच्या खाजगी मोबाइलमध्ये ओळखपत्राचा फोटो अजिबात नको.

मिळालेल्या पॉइंटांना मिळताना जे नियम होते तेच शेवटपर्यंत राहावेत. बदल करायचा तर पुढच्या पॉइंटांना, सहा महिने आधी कळवून. मुदत किमान दोन वर्षं. गेल्या महिन्यात ज्यांचे पॉइंट बुडाले ते परत जमा करा. आणि वर्षाच्या कुठल्याही दिवशी चालतील असे पॉइंट देता येत नसतील तर ही योजना बंद करून तेवढी रक्कम सरळ भाड्यात कमी करा, मला ते जास्त आवडेल.

हॉटेलमालकांशी झालेल्या करारात चादर, साबण, धुलाई आणि रात्रपाळीला दुसरा माणूस यांचा खर्च आधी धरा, सवलत नंतर ठरवा. गिऱ्हाईकाच्या रेटिंगवरून काउंटरवरच्या मुलाचे पैसे कापणं थांबवा.

तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन ॲपच्या पहिल्या पानावर, मराठीत बोलता येईल असा.

या पत्राची प्रत मी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आणि राज्याच्या पर्यटन विभागाला पाठवते आहे. हे वाचणाऱ्या ज्यांना असाच अनुभव आला असेल त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी, बुकिंगचा क्रमांक आणि खोलीचा फोटो जपून ठेवावा, आणि बिल मागून घ्यावं. 'ॲपवर येईल' म्हटलं तरी काउंटरवरून मागावं.

उत्तर मला खाजगीत नको. तुमच्या कस्टमर केअरचा माणूस फोन करून माझ्या खात्यात पाचशे पॉइंट टाकू पाहील, तर मी ते घेणार नाही. यातली कुठली मागणी मान्य आहे, कुठली नाही आणि का नाही, ते महिन्याभरात तुमच्या ॲपवर सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल असं लिहा. एप्रिलपासून आमचा ऑडिटचा हंगाम सुरू होतो. त्याआधी निदान कड्या तरी बसवून घ्या.

आपली,
सहकारी संस्थांची एक लेखापरीक्षक
छत्रपती संभाजीनगर